तांबडा गंज, काळा गंज

बंदुकीच्या नळीवर जी निळसर काळी चमक असते, ती रंगाची नसते. तिच्यात रंगद्रव्य नाही, वार्निश नाही, वरून चढवलेला दुसरा कोणता धातूही नाही. नळीच्याच पोलादातले लोखंड ऑक्सिजनशी जोडले जाऊन पृष्ठभागावर एक काळा थर बसतो, तीच ही झिलई. रसायनशास्त्रात या काळ्या पदार्थाला मॅग्नेटाइट म्हणतात. त्यात लोखंडाच्या ३ अणूंमागे ऑक्सिजनचे ४ अणू असतात. आता पावसाळा संपल्यावर कपाटातून काढलेल्या नळीवर जे तांबूस ठिपके दिसतात, त्यांच्याकडे पाहा. तेही लोखंड आणि ऑक्सिजनच, सोबतीला पाणी. म्हणजे जे राखायचे तेही लोखंडाचे ऑक्साइड आणि जे घालवायचे तेही त्याच घराण्यातले. काळ्याला धक्का न लावता तांबडे तेवढे काढायचे, हे काम अवघड का आहे आणि तरीही घरच्या घरी कसे साधते, हे समजून घ्यायला पुण्याच्या उत्तरेचा औद्योगिक पट्टा फार चांगली जागा आहे.

हा काळा थर तयार होताना पाहण्यासाठी बंदुकांच्या कारखान्यात जावे लागत नाही. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर प्लॉट पडू लागले. पिंपरीत टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, १९९९ मध्ये बजाजचाच दुसरा कारखाना चाकणला उभा राहिला आणि २००९ मध्ये तिथेच फोक्सवॅगनचा. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप गल्लोगल्ली वाढली आणि त्यांतल्या काहींच्या दारावर ‘ब्लॅकोडायझिंग’ अशी पाटी लागली. ॲलन बोल्ट, जिग-फिक्श्चरचे भाग, टूल होल्डर, चक असे जॉब तिथे काळे करून मिळतात. बंदुकीच्या धंद्यात ज्याला गरम ब्लूइंग म्हणतात, ती हीच क्रिया आहे. भोसरीतून काळा होऊन बाहेर पडणारा बोल्ट आणि शिकारी रायफलीची नळी यांच्यावरचा थर एकाच जातीचा. फरक पॉलिशचा. आरशासारख्या घासलेल्या पोलादावर तो थर निळसर दिसतो, खरबरीत पोलादावर मळका काळा.

ही क्रिया बघण्यासारखी आहे. टाकीत कॉस्टिक सोडा आणि सोडियमच्या नायट्राइट-नायट्रेटचे दाट द्रावण असते. पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेतले ज्ञान इथे पुरत नाही. एवढे क्षार विरघळलेले असले की ते द्रावण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. वाफ होऊन पाणी कमी झाले की द्रावण आणखी दाट होते आणि उकळण्याचे तापमान चढत जाते, म्हणून टाकीवरचा माणूस थर्मामीटरवर डोळा ठेवून अगदी बेताबेताने पाणी सोडत राहतो. एकदम ओतले तर तापलेले कॉस्टिक उसळून अंगावर येते. तापमान हाताबाहेर चढले तर जॉबवर काळ्याऐवजी तांबूस छटा उतरते. जॉब आधी डिग्रीस करतात, जुना गंज ॲसिडच्या टाकीत काढतात, विसळतात आणि जाळीत घालून काळ्या टाकीत सोडतात. वीस-पंचवीस मिनिटांत करडे पोलाद काळे होऊन वर येते. मग थंड पाणी, गरम पाणी आणि सगळ्यात शेवटी तेलाची टाकी.

ही शेवटची टाकी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मॅग्नेटाइटचा थर सच्छिद्र असतो आणि एकट्याने तो गंजाला फारसा अडवत नाही. त्याची बारीक छिद्रे तेल धरून ठेवतात, आणि संरक्षण करते ते हे धरलेले तेल. तेल सुकून गेले, पुसले गेले, की काळी नळीही गंजते. उलट एक धोकाच वाढतो. मॅग्नेटाइटमधून वीज वाहते आणि पाण्याच्या संगतीत ते लोखंडापेक्षा स्थिर असते. काळ्या थराला एखादा ओरखडा पडून खालचे पोलाद उघडे पडले की आजूबाजूचा सगळा काळा पृष्ठभाग विद्युतघटाच्या एका ध्रुवासारखा वागतो आणि झीज सगळी त्या इवल्याशा उघड्या जागेवर एकवटते. म्हणून काळ्या नळीवरचा दुर्लक्षित गंज पसरण्याआधी खोल जातो आणि तिथे खड्डा पाडतो.

थर किती पातळ असतो हेही माहीत असायला हवे. गरम ब्लूइंगचा थर साधारण १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस याच्या सत्तरपट जाड असतो. इतक्या पातळपणामुळेच टूलरूममधली माणसे अचूक मापाच्या भागांना प्लेटिंगऐवजी हे काळे करणे पसंत करतात, कारण जॉबचे माप जवळजवळ बदलत नाही. आता हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा ४०० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. त्यावरचा कण सुमारे ३५ मायक्रॉनचा असतो. झिलईच्या जाडीच्या पस्तीसपट मोठा, धारदार आणि पोलादापेक्षा कितीतरी कठीण. तो एकदा फिरला की गंज जातो, झिलई जाते आणि खालचे पांढरे पोलाद उघडे पडते. गंजलेल्या नळीवर पॉलिश पेपर मारणे हा नेहमी केला जाणारा आणि घरच्या घरी भरून न निघणारे नुकसान करणारा उपाय आहे.

गंज मुळात येतो कसा? १९२० आणि ३० च्या दशकांत व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने दाखवून दिले की हवेतली आर्द्रता एका मर्यादेपर्यंत वाढली तरी लोखंड जवळजवळ गंजत नाही, आणि ती मर्यादा ओलांडली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. स्वच्छ पोलादाच्या बाबतीत ही मर्यादा ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान येते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. घाटमाथ्याच्या बाजूला, मावळात आणि खेडच्या पश्चिमेला, ती आणखी जास्त. म्हणजे वर्षातले काही महिने नळी पाण्यात न भिजताही गंजण्याच्या स्थितीत असते. केंब्रिजच्या यू. आर. एव्हान्स यांनी लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून पुढचा प्रश्न सोडवला. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, मध्यभागी कमी. ऑक्सिजनचे काम कडेला चालते आणि लोखंड विरघळते ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन नाही. गंजाचे कडे मात्र या दोघांच्या मध्ये जमते. ठिपक्याचा तांबडा रंग दिसतो तिथेच नुकसान आहे असे नाही. खरे नुकसान त्याच्या पोटाखाली असू शकते.

हा थेंब बहुतेक वेळा माणसाच्या बोटातून येतो. घामात मीठ असते, लॅक्टिक ॲसिड असते. चिंचवडच्या बेअरिंग उद्योगात आणि चाकणच्या इंजिनांच्या कारखान्यांत घासून तयार केलेल्या भागाला उघड्या हाताने स्पर्श करू देत नाहीत. काही माणसांच्या हाताला घामच असा असतो की त्यांनी धरलेल्या जॉबवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबड्या रेषांत उमटलेले दिसतात. बंदुकीच्या नळीवर गंज नेमका जिथे हात पडतो तिथे, म्हणजे मधोमध आणि दस्त्याच्या पुढे येतो, त्याचे कारण हेच. आपल्याकडे यात आणखी एका दिवसाची भर पडते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, घरी शस्त्रांची. ओल्या हळदकुंकवाची बोटे, फुलांचे पाणी, गंध हे सगळे नळीवर लागते आणि दसरा उलटून गेला तरी तसेच राहते. पूजा अवश्य करावी. गंध लाकडी दस्त्याला लावावे, आणि नळीला लागलेच तर त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवावा.

नळीच्या आतल्या गंजाची कथा वेगळी आहे, आणि तिचा एक धागा पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरच सापडतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पॉइंट थ्री-नॉट-थ्रीच्या ज्या काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही दोन अक्षरे ठोकलेली असतात, ती या कारखान्याची. जगभरच्या जुन्या लष्करी काडतुसांप्रमाणे यांतल्या अनेकांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडली की क्लोरेट आपला ऑक्सिजन देऊन टाकते आणि मागे उरते पोटॅशियम क्लोराइड, मिठाचेच भावंड, नळीभर पसरलेले. हवेतली आर्द्रता ८४ टक्क्यांच्या पुढे गेली की हा क्षार हवेतले पाणी ओढून स्वतःच ओला होतो. पुण्याच्या पावसाळ्यात हे रोजच घडू शकते. तेलात हा क्षार विरघळत नाही, म्हणून नुसते तेल ओढून भागत नसे. एन्फिल्ड रायफलीसोबत शिपायांना एक नरसाळे मिळे. नळीत उकळते पाणी ओतायचे, क्षार धुऊन काढायचा, पाण्याच्या उष्णतेने नळी आपोआप कोरडी होते, मग चिंदी आणि पुल-थ्रू. एनसीसीत रायफल हाताळलेल्या पिढ्यांना हे दोन शब्द अजून आठवत असतील. दोरीच्या टोकाला चिंदी अडकवून ती काडतुसाच्या बाजूने तोंडाकडे ओढायची, उलट नाही, कारण नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम बिघडतो. आजच्या काडतुसांत असा क्षार बहुधा नसतो, पण जुना साठा वापरलेली नळी असेल तर पाण्याने धुण्याची ही रीत आजही तितकीच खरी आहे.

आता गंज काढण्याकडे वळू. घराघरांत सुचणारे उपाय म्हणजे लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोला, फरशी धुण्याचे ॲसिड, आणि हार्डवेअरच्या दुकानातले ‘रस्ट रिमूव्हर’. या सगळ्यांनी गंज जातो. पण लोखंडाचे ऑक्साइड विरघळवणे हेच त्यांचे काम, आणि ऑक्साइड तांबडे की काळे हा भेद त्यांना कळत नाही. कोलातले आणि बहुतेक रस्ट रिमूव्हरमधले फॉस्फरिक ॲसिड नळीवर काही मिनिटे राहिले तरी काळ्याच्या जागी करडा डाग दिसू लागतो. ॲसिड नसलेली, लोखंडाच्या अणूला विळखा घालून ओढून नेणारी नवी द्रवे ‘सुरक्षित’ म्हणून विकली जातात. ती पोलादाला सुरक्षित आहेत हे खरे, पण झिलई पोलाद नव्हे, ऑक्साइड आहे, आणि तीही त्यांत विरघळते. गंजावर लावून तो काळा करणारे टॅनिनचे ‘कन्व्हर्टर’ गेटच्या गजाला ठीक, नळीला नाही. तो काळा रंग वेगळा, निर्जीव, आणि नंतर काढता न येणारा असतो.

रसायन भेद करू शकत नसेल तर भेद करायचा कशाने? उत्तर कठीणपणात सापडते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् श्रेणीत मॅग्नेटाइट साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान येते. तांबे ३ वर. म्हणजे तांब्याने कितीही घासले तरी मॅग्नेटाइटवर चरा उठू शकत नाही. गंजाचा एकेक कण तसा तांब्यापेक्षा कठीणच असतो, पण गंज म्हणजे सलग थर नाही. तो सुटे पापुद्रे आणि भुकटी यांचा एकमेकांना जेमतेम धरून बसलेला ढिगारा आहे. लोखंडाचा गंज झाला की त्याचे आकारमान काही पटींनी फुगते, आणि त्या फुगण्यातच तो पृष्ठभागावरची आपली पकड सैल करतो. तेल त्या फटींत शिरते, पापुद्र्याखाली जाते, आणि मऊ धातूचा हलका रेटा त्याला उचलून काढतो. काळा थर मात्र पोलादातूनच उगवलेला असल्याने जागचा हलत नाही. निसर्गाने ठेवलेली ही फट इतकी नेमकी आहे की ती कळल्यावर या साध्या कामाबद्दल माझा आदर वाढला.

नळी रिकामी आहे याची खात्री आधी, आणि ती एकदा नव्हे, दोनदा. शक्य असेल तर नळी दस्त्यापासून सुटी करावी, कारण लाकडाखाली लपलेला गंज दिसणाऱ्यापेक्षा जास्त असतो. कोरड्या मऊ कापडाने धूळ काढून नळीला पातळ खनिज तेल सढळ हाताने लावावे. गन ऑइल असेल तर उत्तम, नसेल तर शिलाई मशीनचे तेल चालते. मग थांबावे, निदान काही तास, शक्यतो रात्रभर. या थांबण्यातच निम्मे काम होते. दुसऱ्या दिवशी सुती चिंदीने पुसल्यावर चिंदी तांबडी निघते, आणि ताजा, पापुद्र्यासारखा गंज बऱ्याचदा एवढ्यानेच जातो. उरलेल्या ठिपक्यांवर पुन्हा तेल सोडून तांब्याच्या किंवा ब्राँझच्या बारीक लोकरीने, बोटाचा भार न देता, छोट्या फेऱ्यांत घासावे. तोफांपासून पिस्तुलांपर्यंत सगळ्यांवर काम करणारे अनेक कारागीर चार शून्यांची, म्हणजे सर्वांत बारीक, पोलादी लोकर तेलात बुडवून वापरतात. जपून वापरली तर तीही चालते. पण लोकरीचे पोलाद आणि नळीचे पोलाद बरोबरीचे असते, आणि झिजलेल्या झिलईवर ती चमक उठवते. म्हणून माझे मत तांब्याच्या बाजूने आहे.

इथे बाजारातल्या एका गोष्टीपासून सावध राहिले पाहिजे. भांडी घासायच्या तांबड्या घासण्यांपैकी काही निखळ तांब्याच्या नसतात, लोखंडी तारेवर तांब्याचा मुलामा असतो. चुंबक जवळ नेला की कळते. चिकटली तर ती नळीला लावू नये. स्टेनलेसची चकाकती घासणी तर नळीजवळही आणू नये. दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची आहे. सुटलेला गंज स्वतःच कठीण भुकटी असतो. तो तेलात तसाच राहिला आणि आपण घासत राहिलो तर आपण नकळत पॉलिश पेपरच मारत असतो. म्हणून थोडे घासावे, स्वच्छ चिंदीने पुसावे, ताजे तेल घ्यावे, पुन्हा घासावे. चिंदी उलटसुलट करून पुन्हा वापरण्याची काटकसर इथे नको. पुसताना चिंदीवर तांबडे येत आहे तोवर गंज निघतो आहे. काळे किंवा करडे येऊ लागले तर झिलई निघते आहे, तिथेच थांबावे. शेवटी तांब्याचे कणही पुसून काढावेत, कारण ओलाव्यात तांबे आणि लोखंड एकत्र राहिले की लोखंडच गंजते. ठिपका गेला आणि खाली खड्डा निघाला तर तो तसाच स्वीकारावा. खड्ड्याच्या जागी झिलई उरलेलीच नसते, आणि तो भरण्यासाठी आजूबाजूची झिलई घालवणे मूर्खपणाचे ठरेल.

या सगळ्याहून विलक्षण उपाय मात्र वेगळाच आहे, आणि तो गंज काढत नाही. तो तांबड्या गंजाचाच काळा करतो. गरम कॉस्टिकची टाकी येण्याआधी चांगल्या बंदुका काळ्या करण्याची रीत अशी होती: नळी तेलरहित करून तिला सौम्य आम्लाचे पाणी लावायचे, दमट पेटीत ठेवून मुद्दाम गंजवायचे, आणि तांबडा गंज सगळीकडे सारखा आला की नळी साध्या उकळत्या पाण्यात बुडवायची. पाच-दहा मिनिटांत तांबडा रंग डोळ्यांदेखत काळा होतो. तांबड्या गंजातले लोखंड खालच्या पोलादाकडून इलेक्ट्रॉन घेते आणि गंज मॅग्नेटाइट होऊन जागच्या जागी बसतो. मग मऊ तारेच्या ब्रशने वरची काळी भुकटी झाडायची, पुन्हा गंजवायचे, पुन्हा उकळायचे. अशा अनेक फेऱ्यांनी जी झिलई येते ती गरम ब्लूइंगपेक्षा टिकाऊ आणि खोल असते. गंजाच्या पोटातूनच गंजाला विरोध करणारा थर काढण्याची ही युक्ती कोणाला पहिल्यांदा सुचली असेल याचे मला फार कुतूहल वाटते.

हीच रीत जतनासाठीही उपयोगी पडते. नळीवर बारीक गंज सगळीकडे पसरला असेल, घासत बसलो तर झिलईच विरळ होईल अशी स्थिती असेल, तर जाणकार कारागीर नळी तेलरहित करून उकळत्या पाण्यात धरतात. तांबडे काळे होते, सुटे झडून जाते, घट्ट ते झिलईला मिळते. जुन्या काळ्या थराला उकळते साधे पाणी काहीच करत नाही. पाणी मात्र डिस्टिल्ड हवे. चाकण-तळेगावच्या बोअरच्या जड पाण्यात चुना असतो आणि नळीवर पांढरे डाग सोडतो. वाफेनेही हा बदल होतो, फक्त हळू.

दुनळी बंदुकीच्या बाबतीत गरम कॉस्टिक आणि उकळते पाणी यांच्यातला फरक निर्णायक ठरतो. बारा बोअरच्या दुनळीत दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी बहुधा शिसे-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. १४० अंशांचे कॉस्टिक हा डाक खाते. वर ते पट्टीखालच्या पोकळीत शिरून अडकते आणि महिनोन्‌महिने पाझरत राहते. म्हणून दुनळीला गरम ब्लूइंग कधीच नाही. तिची मूळ झिलईही बहुतेक वेळा गंजवून-उकळूनच केलेली असते, आणि उकळत्या पाण्यात डाक वितळत नाही. भोसरीच्या टाकीत बोल्टाबरोबर दुनळीही काळी करून घ्यावी असे कोणाच्या मनात आले तर तांत्रिक कारणाआधी कायद्याचे कारण आडवे येते. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि फेरबदल फक्त परवानाधारक दुरुस्तीकाराला करता येतात. आपल्या परवान्यावरची बंदूक पुसणे, तेल देणे, गंज काढणे हे मालकाचे काम. झिलई नव्याने चढवणे हे दुरुस्तीकाराकडचे.

प्रत्येक नळी काळ्या मॅग्नेटाइटचीच असते असेही नाही. लष्करी बंदुकांवर बऱ्याचदा मॅट करडा-हिरवट फॉस्फेटचा थर असतो. चाकणमध्ये गाडीच्या बॉडीला रंगाआधी जस्त-फॉस्फेटच्या टाकीतून काढतात, त्याच कुळातली ही क्रिया. १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये कॉस्लेट यांनी तिचे पेटंट घेतले आणि पुढे अमेरिकेत पार्कर यांच्या नावाने ती रूढ झाली. हा थर जाड, खरखरीत आणि तेल पिणारा असतो. त्याला तेल आणि नायलॉनचा ब्रश पुरतो, लोकरीने त्यावर चकाकते पट्टे उठतात. बालेवाडीच्या रेंजवर दिसणाऱ्या स्पर्धेच्या रायफलींच्या नळ्या पुष्कळदा स्टेनलेसच्या असतात, तिथे झिलईचा प्रश्नच नाही, पण घामाचे ठिपके त्यांच्यावरही पडतात.

आणि काही शस्त्रे अशी असतात की त्यांचा गंज आपण काढायचाच नसतो. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० च्या भर पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला. तोड्याच्या बंदुका पावसात कोरड्या ठेवणे हे त्या वेढ्यात दोन्ही बाजूंचे रोजचे काम असणार. त्या काळातली एखादी लोखंडी नळी किंवा तोफ आज हाती आली तर तिच्या मूळ पृष्ठभागाची रेषा बऱ्याचदा धातूवर नसते, गंजाच्या थरात, घट्ट काळ्या मॅग्नेटाइटमध्ये असते. धातू उघडा होईपर्यंत घासले तर कोरीव काम, ठसे, घडाईच्या खुणा सगळे त्या भुकटीबरोबर जाते. संग्रहालयांतले तज्ज्ञ म्हणून फक्त वरचा सुटा गंज काढतात, आत मुरलेला क्षार सौम्य कॉस्टिक सोड्याच्या थंड द्रावणात महिनोन्‌महिने बुडवून बाहेर ओढतात आणि वर मेण देतात. घरात पिढीजात ठासणीची बंदूक असेल तर तिला तेलाच्या चिंदीपलीकडे काही लावू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

साफ केलेली नळी पुन्हा गंजू नये यासाठीचे ज्ञान चाकणच्या पॅकिंग विभागात तयार मिळते. इथून न्हावाशेवामार्गे परदेशी जाणारे इंजिनाचे भाग दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंड होणाऱ्या कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे राहतात. आत दव धरते, थेंब पडतात. त्यावर उपाय म्हणून भागाला आरपी ऑइल, म्हणजे गंजरोधक तेल, लावून तो व्हीसीआय कागदात किंवा पिशवीत बंद करतात. या कागदात मुरवलेले रसायन हळूहळू वाफ होऊन बंद जागेत पसरते आणि धातूच्या पृष्ठभागावर रेणूंच्या जाडीचा पडदा धरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लष्करी सामानासाठी ही पद्धत वाढली. कपाटातल्या बंदुकीला तीच लागू पडते: नळी तेलाच्या चिंदीने पुसून, व्हीसीआय कागदात सैल गुंडाळून, शेजारी सिलिका जेलची पुडी. चामड्याचे किंवा कॅनव्हासचे कव्हर प्रवासापुरतेच. चामडे कमावताना वापरलेले टॅनिन आणि क्षार, आणि कापडात मुरलेला ओलावा, दोन्ही नळीला चिकटून राहतात.

तेल कोणते हाही प्रश्न आहेच. खोबरेल हाताशी असते, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजते आणि पिंपरीच्या डिसेंबरात नळीवर पांढरट राप धरते. शिवाय सगळी वनस्पतिजन्य तेले हवेने हळूहळू चिकट आणि आम्ल होतात. खनिज तेल घ्यावे. स्प्रेचे पातळ द्रव नळीवरचे पाणी हटवायला चांगले, पण ते उडून जाते, त्यावर महिन्याभराचा भरवसा नको. ज्या बंदुकीला वर्षात एकदाच हात लागतो तिला शुद्ध सूक्ष्म-स्फटिकी मेण तेलापेक्षा बरे. ब्रिटिश म्युझियमने १९५० च्या दशकात याच कामासाठी असे मेण तयार केले होते. निवडणुका आल्या की परवान्याच्या बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि आचारसंहिता संपेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. जमा करायला निघण्याआधी नळीच्या आतबाहेर मेणाचा किंवा दाट आरपी ऑइलचा हात द्यावा, आणि परत आणल्याच्या दिवशी, कपाटात ठेवण्याआधी, पांढरी चिंदी फिरवून तिच्यावर तांबडे येते का ते पाहावे. परत आलेल्या नळीत दाट तेल राहिलेले असेल तर रेंजवर नेण्याआधी ते चिंदीने पूर्ण ओढून काढावे. तेलाने भरलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुगू शकते.